पागेतली वैरण: प्रत्येक घोड्याची आवड सांभाळायची, पण कुठवर?

दुसऱ्यांचे घोडे सांभाळणाऱ्या पागेत एकाच शेतातलं, एकाच गाडीतून उतरलेलं वाळलं गवत सगळ्यांना सारखं टाकलं, तरी सकाळी प्रत्येक गव्हाण वेगळी दिसते. एक चाटूनपुसून साफ असते. दुसरीत पानं खाऊन नुसते दांडे ठेवलेले. तिसऱ्या ठाणात (घोडा बांधायच्या कप्प्यात) अर्धं गवत अंथरुणात तुडवलेलं आणि वर लीद. मालक म्हणतो, "आमच्या घोडीला हे आवडत नाही, दुसरं काहीतरी द्या." घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार म्हणतो, "भूक लागली की झक मारून खाईल." दोघांचंही म्हणणं अर्धवटच बरोबर आहे.

आधी मोतद्दाराचं बघू, कारण त्यातला धोका मोठा. घोड्याच्या जठरात आम्ल दिवसरात्र पाझरत असतं, पोटात काही असो वा नसो. ते सौम्य करणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. एक किलो वाळलं गवत चावून संपवायला घोड्याला सुमारे 40 मिनिटं लागतात, तेवढीच चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, 10 मिनिटांत फस्त होते. म्हणजे गवताला तोंड न लावणारा घोडा चंदी भरपूर खात असला, तरी त्याचं जठर तासन्‌तास आम्लात भिजत राहतं. वैरणीशिवाय सलग चार ते सहा तासांपेक्षा जास्त वेळ जाऊ द्यायचा नाही, ही साधी मर्यादा. पोनी, गाढवं, लठ्ठ किंवा गाभण घोड्या यांच्या बाबतीत तर "भूक लागली की खाईल" हे वाक्य पागेत उच्चारूच नये. त्यांनी एकदोन दिवस खाणं सोडलं की अंगावरची चरबी रक्तात उतरायला लागते, यकृत भरून जातं, आणि तिथून परत आणणं पशुवैद्यालाही अवघड होतं.

आता मालकाचं. "आवडत नाही" हे निदान झालं नाही. ती फक्त तक्रार झाली. तिचं मूळ घोड्यात आहे की गवतात, हे आधी शोधायचं.

सोपी कसोटी अशी की त्याच गासडीतलं गवत बाकीचे घोडे खातात का बघा. सगळेच नाकं मुरडत असतील तर दोष गवताचा. गासडीच्या मध्यात हात खुपसा. आत ऊब लागली, कुबट वास आला, झटकल्यावर पांढरी भुकटी उडाली, तर ती गासडी बाद. ती "जरा कमी चोखंदळ" घोड्याला घालायची नाही. चोखंदळ घोडा इथे सगळ्यांच्या आधी सावध करत असतो. उलट बाजूही लक्षात ठेवा. घोडा खातोय म्हणजे गवत चांगलं, असं नसतं. रॅगवर्टसारखी विषारी तणं कुरणात हिरवी असताना कडू लागतात म्हणून घोडे टाळतात. वाळल्यावर तो कडवटपणा जातो, विष राहतं, आणि तेच घोडे ती गवतासोबत निमूट खातात. तेव्हा तण ओळखण्याचं काम घोड्यावर सोडायचं नाही.

एकटाच घोडा टाकत असेल तर उरलेलं गवत नीट बघा, तेच पुष्कळ सांगतं. गव्हाणीखाली चावून चुरगाळलेल्या, लाळेनं ओल्या, अंगठ्याएवढ्या गोळ्या पडलेल्या असतील तर दात. घोडा गवत तोंडात घेतो, तीनचारदा फिरवतो आणि गालातून गोळा बाहेर पडू देतो. म्हाताऱ्या घोड्यांत हे हमखास दिसतं, पण सात-आठ वर्षांच्या घोड्यातही दाढेची धार गाल कापत असेल तर असंच होतं. याला दुसरं गवत हे उत्तर नाही. आधी दात तपासून घासून घ्यायचे, आणि दाढाच उरल्या नसतील तर गवताच्या दाबून केलेल्या गोळ्या (पेलेट) किंवा बीटचा चोथा, भिजवून. तोंडाला लाळ सुटलेली, हिरड्यांवर फोड असतील तर गवतात कुसळं आहेत का बघा. गवतात लाल क्लोव्हर असेल तर त्यावरच्या एका बुरशीनंही तोंडातून लाळेच्या धारा लागतात. सुरुवातीला उत्साहानं खाऊन पाचसात घासांनी थांबणारा, जांभया देणारा, खोगिराचा पट्टा आवळताना चावायला येणारा घोडा असेल तर अल्सरचा संशय धरून पशुवैद्याला बोलवा. आणि पाण्याची बादली बघायला विसरू नका. कोरड्या गवतावरचा 500 किलोचा घोडा दिवसाला साधारण 25 ते 40 लिटर पाणी पितो. स्वयंचलित कुंडी बिघडली की पहिल्यांदा गवत कमी होतं, आणि कुंडी बंद आहे हे मात्र दुसऱ्या दिवशी कळतं.

एवढं सगळं निस्तरल्यावर जे उरतं ती खरी आवड. आणि ती असते. घोडा गवत निवडतो तेव्हा त्याचा वरचा ओठ एखाद्या बोटासारखा काम करतो. दांडा बाजूला सारून पान ओढतो, ओंबी शोधून काढतो. पान जास्त, दांडा कमी असं लवकर कापलेलं गवत बहुतेकांना आवडतं. फुलोऱ्यानंतर उशिरा कापलेलं गवत दांडरट, तंतू जास्त, गोडी कमी. हेलेज (अर्धवट वाळवून प्लॅस्टिकमध्ये हवाबंद मुरवलेलं गवत) आणि वाळलं गवत शेजारी ठेवलं तर पुष्कळ घोडे हेलेजकडे जातात. वासाचंही तसंच. वेगवेगळे स्वाद खाण्यावर घालून केलेल्या एका प्रयोगात घोड्यांनी मेथीला पहिली पसंती दिली होती आणि केळ्याला दुसरी. भिजवलेल्या गवताला तोंड न लावणाऱ्यावर चिमूटभर मेथीपूड हा उपाय करून बघायला हरकत नाही. बुरसट गवताचा वास झाकायला मात्र हे कधीच वापरायचं नाही.

आवड खरंच काय आहे हे मालकाच्या सांगण्यावर सोडू नका, तोलून बघा. दोन सारख्या टोपल्या घ्या, दोन्हींत एकेक किलो वेगवेगळी वैरण, दोन मीटर अंतरावर. वेळ नेहमीची, घोडा उपाशी नको, नेहमीसारखं खाऊन झालेला हवा. उपाशी घोडा काहीही खातो, त्यावरून काही कळत नाही. पंधरा मिनिटांनी टोपल्यांच्या जागा बदला, कारण पुष्कळ घोड्यांना दाराकडची बाजूच आवडते आणि आपण समजतो ती वैरण आवडली. अर्ध्या तासानं उरलेलं तोला. हेच तीनचार दिवस करा. पहिल्या दिवसाचा आकडा सोडून द्या. नवीन वासाची काही घोड्यांना ओढ असते, काहींना धास्ती. चौथ्या दिवशीही फरक दुपटीचा असेल तर ती पसंती खरी. बऱ्याचदा फरक इतका कमी निघतो की मालकालाच हसू येतं.

तोलून द्या, गवताच्या जाळ्या मोजून नको

वैरण बदलून देताना सगळ्यात जास्त गडबड इथे होते. हिशेब शुष्क पदार्थाचा, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या वजनाचा धरायचा, ओल्या वजनाचा नाही. घोड्याला रोज शरीराच्या वजनाच्या साधारण 2 टक्के शुष्क पदार्थ वैरणीतून लागतो, आणि वजन उतरवायचं असलं तरी पशुवैद्याच्या देखरेखीशिवाय 1.5 टक्क्याखाली जायचं नाही. 500 किलोच्या घोड्याला 10 किलो, कमीत कमी साडेसात. वाळल्या गवतात 85 ते 90 टक्के शुष्क पदार्थ असतो, म्हणजे रोज साधारण साडेअकरा किलो गवत. हेलेजमध्ये तो 60 टक्के असेल तर त्याच घोड्याला 16 ते 17 किलो हेलेज लागतं. आता "याला हेलेज आवडतं" म्हणून मोतद्दारानं साडेअकरा किलो गवताऐवजी साडेअकरा किलो हेलेज दिलं, तर पोटात शुष्क पदार्थ गेला सातच्या आसपास. किमान मर्यादेच्याही खाली. महिन्याभरात बरगड्या दिसायला लागतात, घोडा दाराची लाकडं कुरतडतो, आणि दोष हेलेजला मिळतो. हिरव्या चाऱ्यात तर शुष्क पदार्थ 20 टक्क्यांच्या आसपासच असतो. भला मोठा भारा दिसतो, पण हिशेबात तो किरकोळ.

म्हणून टांगायचा स्प्रिंगकाटा वैरणीच्या खोलीत कायमचा लटकलेला हवा. फळ्यावर "दोन पेंढ्या" असं लिहू नका, किलो लिहा. एकाच गाडीतल्या गासड्यांच्या वजनातही मोठा फरक असतो, आणि एक माणूस ज्याला पेंढी म्हणतो ती दुसऱ्याची दीड पेंढी असते.

किती प्रकार ठेवायचे

वीस घोडे आणि वीस मालक असतील तर वीस प्रकारची वैरण ठेवता येत नाही, आणि ठेवूही नये. माझं मत स्पष्ट आहे: दोन मुख्य, एक जोड. दोन मुख्य म्हणजे एकाच जातीच्या गवताच्या दोन कापण्या. लवकर कापलेलं, पानांचं गवत हडकुळ्या, म्हाताऱ्या, चोखंदळ आणि कामाच्या घोड्यांसाठी. उशिरा कापलेलं, दांडरट पण स्वच्छ गवत बघता बघता लठ्ठ होणाऱ्यांसाठी. आवड सांभाळायची म्हणजे सगळ्यांना आवडीचंच द्यायचं, असं नाही. जो पोनी कंपाउंडचं लाकूडही खाईल त्याला बेचव गवत मिळणं हेच त्याच्या भल्याचं. तो सावकाश खातो, जास्त वेळ खातो, आणि वजन आटोक्यात राहतं. तक्रारी येतात त्यातल्या बहुतेक या दोन कापण्यांतच मिटतात.

जोड म्हणून काय ठेवायचं हे पागेतल्या घोड्यांवर ठरवा. लसूणघासाचा वाळलेला पाला जवळपास प्रत्येकाला आवडतो. त्यात प्रथिनं 15 ते 20 टक्के, कॅल्शियम भरपूर, आणि ते कॅल्शियम जठरातलं आम्ल सौम्य करायलाही मदत करतं. म्हणून अल्सरच्या घोड्याला कामाआधी थोडा लसूणघास देणं शहाणपणाचं. पण नुसत्या लसूणघासावर घोडा ठेवायचा नाही. कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण बिघडतं, मूत्र वाढतं, ठाणात अमोनियाचा वास सुटतो. एकूण वैरणीच्या पाव हिश्श्यावर मी सहसा जाऊ देत नाही. ओटचं वाळलं गवतही लोकप्रिय, पण घोडा त्यातल्या ओंब्या आधी वेचतो. दाणे भरल्यावर कापलेलं असेल तर ती निम्मी चंदीच झाली.

उष्ण प्रदेशातल्या गवतांबद्दल एक इशारा. नेपिअर, सेटारिया, बफेल, किकुयू यांत ऑक्झॅलेट बरंच असतं. ते कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. गाई-म्हशींच्या पोटात ते बऱ्याच अंशी फुटतं, घोड्याचं तसं नाही. महिनोन्‌महिने अशाच गवतावर ठेवलेल्या घोड्याची जबड्याची हाडं सुजतात, चाल लंगडी होते. घोड्याला नेपिअर आवडतं हे खरं असलं तरी ते मुख्य वैरण होऊ शकत नाही. सोबत लसूणघास आणि पशुवैद्यानं सांगितलेलं कॅल्शियम हवंच. ज्वारी आणि सुदान गवताच्या हिरव्या चाऱ्याला मात्र सरळ नकार. त्यानं घोड्यांच्या मूत्राशयाला सूज येते आणि मागचे पाय लटपटायला लागतात.

हेलेज जोड म्हणून घ्यायचं असेल तर आधी भागाकार करा. 250 किलोची गासडी एकदा उघडली की थंडीत पाचेक दिवसांत आणि उन्हाळ्यात तीन दिवसांत संपली पाहिजे. एक घोडा रोज 17 किलो खातो, म्हणजे त्याला एकट्याला पंधरा दिवस लागतील, आणि शेवटचे दहा दिवस तो खराब हेलेज खात असेल. चार घोडे असतील तर गासडी पावणेचार दिवसांत संपते, पाच असतील तर तीन दिवसांत. म्हणजे उन्हाळ्यात हेलेज खाणारे पाच घोडे नसतील तर मोठी गासडी आणूच नका. वीस-पंचवीस किलोच्या छोट्या, गुंडाळलेल्या गासड्या घ्या, आणि जास्तीचा खर्च मालकाला आधीच सांगा. प्लॅस्टिकला भोक पडलेली, आत माती किंवा मेलेला उंदीर सापडलेली गासडी पूर्ण फेकायची, फक्त तेवढा भाग काढून नाही. हेलेज सायलेजइतकं, म्हणजे ओलाच मुरवलेल्या चाऱ्याइतकं, आंबट नसतं, त्यामुळे बोटुलिझम या विषबाधेच्या जंतूंना तिथे थारा मिळू शकतो, आणि घोडा त्या विषाला फार लवकर बळी पडतो.

शेजारच्या ठाणाचा प्रश्न

आवडीनिवडी सांभाळताना एक गोष्ट फार वेळा सुटते: घोडा शेजाऱ्याच्या गवतातली हवा घेतो. दम्याच्या घोड्याला भिजवलेलं गवत दिलं आणि पलीकडच्याला कोरडं, धुळकट गवत झटकून टाकलं, तर पहिल्याचा खोकला थांबणार नाही. मध्ये भिंत अर्धीच असते, धूळ वरून येते. असा घोडा रांगेच्या टोकाला, वारा येतो त्या बाजूला ठेवा. त्याच्या लगतच्या ठाणातही भिजवलेलं, वाफवलेलं गवत किंवा हेलेजच द्या. गासड्या सोडणं आणि झाडलोट घोडे बाहेर असतानाच उरकायची.

भिजवण्याचं म्हणाल तर हेतूवर वेळ ठरते. धूळ बसवायची असेल तर दहा ते तीस मिनिटं पुरे. लॅमिनायटिसच्या (खुराच्या आतल्या सुजेच्या) घोड्यासाठी साखर कमी करायची असेल तर काही तास लागतात, पण उन्हाळ्यात तासाभरातच पाण्यात जंतू वाढायला लागतात. तेव्हा कमी वेळ, गार पाणी, आणि दर खेपेला पाणी बदलून. किती साखर गेली हे प्रत्येक गवतात वेगळं निघतं. म्हणून अशा घोड्यासाठी गवताची प्रयोगशाळेत तपासणी करून साखर आणि स्टार्च मिळून शुष्क पदार्थाच्या 10 ते 12 टक्क्यांच्या आत आहे का बघणं जास्त भरवशाचं. भिजवताना शुष्क पदार्थही वाहून जातो, तेव्हा कोरडं असतानाच पाचवा हिस्सा जास्त तोलून घ्या. उरलेलं काळपट पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका, ते सांडपाणीच आहे. वाफवलेलं गवत नाकं मुरडणाऱ्यांनाही आवडतं, बुरशीचे कण मरतात, मात्र साखर फारशी कमी होत नाही.

देण्याची पद्धत

पुष्कळदा वैरण बदलायची गरजच नसते, देण्याची जागा बदलली की काम होतं. तीन सेंटिमीटर भोकांची जाळी अधाशी घोड्यासाठी उत्तम. चोखंदळ घोडा मात्र तिच्याशी दोन मिनिटं झटापट करून सोडून देतो. त्याला जमिनीवर किंवा कमी उंचीच्या गव्हाणीत मोकळं गवत टाका. मान खाली असली की नाकातली घाणही बाहेर पडते. जाळी टांगायचीच तर रिकामी झाल्यावर ती किती खाली लोंबेल हे बघून टांगा, आणि कडीला थेट न बांधता तुटेल अशा सुतळीच्या फासातून बांधा. नाल ठोकलेला पाय जाळीत अडकला तर सुतळीच तुटायला हवी.

दिवसभर ठाणात असलेल्या घोड्याला दोन-तीन ठिकाणी दोन-तीन प्रकारची वैरण थोडी थोडी ठेवली, तर तो या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरत जास्त वेळ खातो. पण लाडकी वैरण वेगळी दिली की काही घोडे ती संपवून साध्या गवताकडे पाठ फिरवतात आणि पुढच्या खेपेची वाट बघत उभे राहतात. त्यांच्यासाठी एक किलो लसूणघास चार किलो गवतात हातानं सोडवून नीट मिसळा. वर टाकून भागत नाही, घोड्याचा वरचा ओठ सगळं निवडून काढतो.

कुरणात एकत्र सोडलेल्या कळपात आवड सांभाळता येत नाही, भांडणं मात्र टाळता येतात: घोड्यांपेक्षा एकदोन ढीग जास्त, आणि ढिगांत निदान दोन घोड्यांची लांबी.

वैरण बदलायची ती दहा ते चौदा दिवसांत. तीन-तीन दिवसांनी पाव हिस्सा नवा. मोठ्या आतड्यातल्या जंतूंना तेवढा वेळ लागतो, आणि गवत बदलल्यानंतरच्या दोन आठवड्यांत पोटशूळाचा धोका वाढतो. त्याच व्यापाऱ्याकडून आलेली त्याच गवताची नवी गाडी हीसुद्धा नवी वैरण समजायची. म्हणून जुन्या मालाचा निदान दोन आठवड्यांचा साठा शिल्लक असतानाच नवी गाडी उतरवून घ्या. नुकतं कापून बांधलेलं गवत काही आठवडे मुरू द्यावं. ओलसर बांधलेल्या गासड्या आतून तापतात आणि कोठाराला आगही लागते.

फळ्यावर प्रत्येक घोड्यासमोर छातीभोवती टेप लावून काढलेलं वजन, दिवसाच्या चार खेपांचे किलो, कोरडं की भिजवलेलं, आणि लाल अक्षरात काय द्यायचं नाही ते. जाळ्यांना रंगीत चिंध्या बांधा: हिरवी लवकरच्या कापणीला, पिवळी उशिराच्या, निळी भिजवायच्या. सुट्टीवरच्या मोतद्दाराच्या जागी आलेला माणूस फळा वाचेलच असं नाही, चिंधी मात्र बघतो. सकाळी उरलेलं तोलून फळ्यावरच टाका. दहा टक्क्यांपर्यंत उरलं तर ठीक. सलग तीन दिवस पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त उरत असेल तर मालकाला फोन करा, आणि फोन करण्याआधी त्या घोड्याचं तोंड उघडून बघा. लठ्ठ पोनीनं एका दिवसात अर्ध्याहून जास्त टाकलं तर तीन दिवस थांबायचं नाही, त्याच संध्याकाळी पशुवैद्य.